जरा वाका, मी टाकी बोलतेय

मी ऑक्सिजनची टाकी बोलतेय. ऐकू येत नसेल तर जरा वाका. उभ्या माणसाच्या कानापर्यंत पोचेल एवढा माझा आवाज नाही आणि ओरडायची सवय मला कधीच नव्हती. माझं बोलणं म्हणजे एक बारीक सूऽ, बस्स. पण ते ऐकू येणं आणि न येणं यांत एका माणसाचा जीव मावतो. ते सांगण्यासाठीच आज तोंड उघडलंय.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तापवलं, ठोकलं, ओढून लांब केलं, आणि मग पोटात पाणी दाबून भरून पाहिलं की ही फुटते का. मी फुटले नाही, म्हणून मला पांढरा रंग मिळाला आणि गळ्यावर तारीख कोरली गेली. बायकांच्या गळ्यात काही ना काही घालतात तसंच हे, असं मला वाटलं. पुढे कळलं की ही तारीख एकदा मिळाली की झालं असं नसतं. दर काही वर्षांनी पुन्हा पाणी पिऊन, पुन्हा न फुटून ती मिळवावी लागते.

बोटीने मी समोआला आले, आमच्या या लहानशा हॉस्पिटलात. मागच्या शेडमध्ये माझ्या मोठ्या जावा आधीपासून उभ्या होत्या. उंच, जाड, कमरेला साखळी बांधलेल्या. त्या शेडबाहेर कधी पडत नाहीत. त्यांच्या पोटातला ऑक्सिजन नळीतून वॉर्डच्या भिंतीत जातो आणि भिंतीतून पेशंटच्या नाकात. त्यामुळे भिंतीला मान आहे. डॉक्टर आले की भिंतीकडे बघतात. माझ्याकडे कोण बघणार? मी बुटकी, कडेवर घ्यावी एवढी.

पण भिंत चालत नाही. बायकांचा वॉर्ड इमारतीच्या एका टोकाला, ऑपरेशनची खोली दुसऱ्या टोकाला, आणि मधे लांबच लांब पडवी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नीरफणसाची झाडं. त्या पडवीत भिंत नाही आणि भिंतीतला ऑक्सिजनही नाही. इकडची भिंत सुटल्यापासून तिकडची भिंत सापडेपर्यंत पेशंट ज्याच्या जिवावर जगतो, ती मी. माझा सगळा संसार असा वाटेवरचा.

मला वाटेवर नेणारा उईली. ट्रॉली ढकलायचं काम त्याचं. पूर्वी गावाच्या संघातून रग्बी खेळायचा आणि अजून तसाच चालतो, समोरच्याने बाजूला व्हावं या हिशेबाने. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने माझ्या पांढऱ्या खांद्यांवरून फडकं फिरवलं आणि माझं नाव ठेवलं, नवरी.

"बोलत नाही फारशी," तो म्हणाला, "पण सगळं बघत असते."

"मग जपून ने तिला," फुआतिनो म्हणाली. "तुझं काय काय मला येऊन सांगेल."

फुआतिनो वॉर्डची मोठी सिस्टर. केसांत खोचलेलं फूल संध्याकाळपर्यंत कोमेजतं, पण ती कोमेजत नाही. तिच्याबद्दल मला शेडमधल्या जावांकडून कळलं. मी येण्याआधी इथे दुसरी एक लहान टाकी होती. एका कोळ्याला नेताना ती पडवीच्या मध्यावर संपली. ट्रॉली पळवली, पण कोळ्याने पडवीतच डोळे मिटले. तेव्हापासून फुआतिनोने ठरवून टाकलं की टाकीत पोचण्यापुरता ऑक्सिजन आहे म्हणजे पुरेसा आहे असं नाही. पोचायचं, तिथे खोळंबायचं आणि तसंच परत यायचं, एवढा असेल तरच पेशंट हलेल. नसेल तर डॉक्टर ओरडोत, नातेवाईक रडोत, पेशंट हलणार नाही. एकदा एक तरुण डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, दोन मिनिटांचा तर रस्ता आहे." ती म्हणाली, "हो डॉक्टर. कोळ्यालाही तेवढाच होता." दुसरी भरलेली टाकी येईपर्यंत ते ट्रॉलीपाशी उभे राहिले.

तिचा दुसरा नियम माझ्या गळ्याचा. मला दोन ठिकाणी उघडावं लागतं. गळ्याशी एक जड कळ आहे. ती फिरवली की पोटातला ऑक्सिजन वर येतो. मग पुढे एक गोल बटण आहे. किती ऑक्सिजन सोडायचा ते त्याच्यावर ठरतं. काम झालं की गळ्याची कळ घट्ट बंद करायची, कारण माझ्यासारख्या टाक्या थोड्या थोड्या पाझरत राहतात आणि नवा ऑक्सिजन बोटीनेच येतो. उईली ती कळ अशी आवळायचा, जणू आता जन्मात कुणाला उघडायचीच नाही.

बाकी माझे दिवस सुनेसारखेच जायचे. काम असेल तेव्हा सगळ्यांना हवी, नसेल तेव्हा कोपऱ्यात. माझ्यावर लोक ओला टॉवेल टाकत. रविवारी चर्चला जाणाऱ्या एका बाईंनी त्यांची पांढरी टोपी माझ्या डोक्यावर घालून ठेवली आणि दुपारपर्यंत विसरल्या. उईली त्याची डब्याची पिशवी माझ्या गळ्यात अडकवायचा. अळूचे उकडलेले कंद आणि नारळाच्या दुधाचा वास घेत मी उभी. मला खाता येत नाही हे एक बरं, नाहीतर त्यावरूनही बोलणी खाल्ली असती.

मग फेतुआओ आली.

साठीची बाई, बारीक अंगाची, हाताची बोटं लांब आणि राठ. केतकीच्या पातीच्या चटया विणणारी. तिच्या चटया रेशमासारख्या तलम असतात. अशी एक चटई विणायला वर्षंही जातात आणि ती अंथरायला नसते, लग्नात आणि मर्तिकात द्यायला असते. तिच्या छातीत न्यूमोनिया झाला होता आणि फुप्फुसाभोवती पू साठला होता. भिंतीच्या ऑक्सिजनवर असेपर्यंत ती कशीबशी श्वास ओढत होती. मास्क जरा सरकला की ओठ राखेसारखे दिसायचे. त्या दिवशी राजधानीतून सर्जन आले होते. पू काढायला नळी घालायची ती ऑपरेशनच्या खोलीतच, आणि आजच. सर्जन उद्या परत जाणार होते.

म्हणजे तिला पडवी पार करायची होती.

तिचं सगळं घर पडवीत मुक्कामाला होतं. आपल्याकडे पेशंट एकटा नसतोच. मुलगी सेलेसा तिच्या उशाशी बसून पंख्याने वारा घालायची. धाकटा भाऊ आसोआ हा त्यांच्या घराण्याचा मताई, म्हणजे घरातला शेवटचा शब्द त्याचा. गंभीर माणूस. सगळे त्याच्यासमोरून वाकून जात, फुआतिनोसुद्धा. आपल्याकडे बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून ताठ चालत जाणं म्हणजे उघड अपमान. कमरेत वाकायचं, हात खाली सोडायचा आणि हळूच म्हणायचं, "तुलोउ." माफ करा, मधून जाते. घाईत असा, ट्रॉली ढकलत असा, तुलोउ चुकत नाही.

संध्याकाळ होत आली होती. फुआतिनोने सगळं पाहिलं. पोटात किती ऑक्सिजन आहे ते दाखवणारा माझा काटा भरलेला होता. जाऊन येण्यापुरता होता, खोळंबा धरूनही. फुगा उशाशी होता, म्हणजे वेळ आलीच तर हाताने दाबून श्वास देण्याचा. माझ्यासारखीच दुसरी टाकी ट्रॉलीच्या पायथ्याशी होती. मला डोक्याकडच्या बाजूला, गादीखालच्या चौकटीत उभं बांधलं. उईलीने नळी जोडली.

"उघडलंस?" फुआतिनोने विचारलं.

"उघडलं, सिस्टर."

खोटं तो बोलला नव्हता. त्याने बटण उघडलं होतं. गळ्याची कळ तशीच होती, त्यानेच आदल्या दिवशी आवळलेली. आणि गंमत अशी की कळ बंद केली तरी तिच्यावरच्या भागात थोडासा ऑक्सिजन अडकून राहतो. काटा त्यालाच भुलतो आणि भरलेला दिसतो. बटण उघडल्यावर तो अडकलेला श्वास बाहेर आला. फुआतिनोने मास्क गालाजवळ धरला, गार वारा लागला. तिने भिंतीची नळी काढली आणि मास्क फेतुआओला लावला. तेवढ्यात माझा तो उसना श्वास संपला.

मी गप्प झाले. पोट गच्च भरलेलं आणि तोंडातून काही येईना.

काटा शून्यावर उतरला. तो कुणी पाहिला असता, पण नेमक्या त्या वेळी सेलेसा आईची चटई घेऊन आली. फेतुआओने वर्षानुवर्षं विणलेली, सगळ्यांत तलम. आई ऑपरेशनला चाललीय, तिच्या अंगावर तिचीच चटई हवी. फुआतिनो नाही म्हणाली नाही. सेलेसाने चटई आईच्या अंगावर नीट पसरली आणि तिची कड खाली सोडली. मी दिसू नये म्हणून मुद्दाम सोडली असावी. लोखंडाची टाकी काही शोभेची वस्तू नव्हे. मी, माझा काटा आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारं फेतुआओच्या बोटावरचं यंत्र, सगळं केतकीखाली झाकलं गेलं.

ट्रॉली पडवीत आली आणि गावात शंख वाजला.

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख. तो वाजला की गावातलं चालणं, बोलणं, चुलीजवळची धांदल सगळं थांबतं. पडवीतली सगळी कुटुंबं चटयांवर मांडी घालून बसली आणि गाणं सुरू झालं. आपले लोक गातात तेव्हा छपराचे पत्रे थरथरतात. बोटावरच्या यंत्राला उशिरा कळतं. त्याला कळून ते किरकिरायला लागलं तेव्हा त्याची किरकिर त्या गाण्यात कुणाला ऐकू जाणार? आणि माझं तर बोलणंच बंद.

फेतुआओला ओरडता येत नव्हतं. तिने चटईखाली हात हलवला. सेलेसाला वाटलं आई प्रार्थनेत सामील होतेय. ती रडत गायला लागली.

हॉस्पिटलच्या ट्रॉलीला शंख थांबवत नाही. लोकांनी पाय आखडून घेतले आणि अरुंद वाट उरली. उईली पायथ्याकडून ओढत होता, फुआतिनो उशाशी चालत होती. ट्रॉली आसोआच्या समोर आली. तो डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून बसला होता. फुआतिनो वाकली. कमरेतून, रोजच्यासारखी. उजवा हात खाली सोडला आणि हळूच म्हणाली, "तुलोउ."

तिचा कान चटईच्या कडेशी आला. माझ्या तोंडापासून वीतभर.

ती तशीच थांबली.

उईलीला ट्रॉली अडल्याचं जाणवलं. त्याने मागे पाहिलं. सिस्टरला पाठीत उसण भरली असं त्याला वाटलं, हे त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं. प्रार्थना चालू असताना मताईसमोर वाकून जायचं असतं, वाकून उभं राहायचं नसतं. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी डोळे उघडले. आसोआनेही उघडले.

फुआतिनोने एका हाताने ती चटई ओढून काढली आणि जमिनीवर फेकली. घराण्याची चटई, मताईच्या पायाशी, चुरगळलेली. सेलेसा गाता गाता थांबली. फुआतिनो गुडघ्यांवर बसली, माझा काटा पाहिला आणि माझ्या गळ्याला हात घातला. कळ हलेना. उईलीच्या हाताने आवळलेली ती.

"उईली." ती ओरडली नाही. "गळ्याची कळ. तू."

तो ट्रॉलीला वळसा घालून आला, तोपर्यंत तिने फुगा उचलून दुसऱ्या टाकीची नळी त्याला लावायला घेतली होती. एकाच उपायावर विसंबून राहणारी बाई ती नव्हे. उईलीने कळ धरली आणि फिरवली. रग्बीत त्याने कधी एवढा जोर लावला असेल असं मला वाटत नाही.

सूऽऽ.

माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा शब्द तो.

फुआतिनोने मास्क काढून स्वतःच्या गालाला लावून पाहिला, पुन्हा फेतुआओला लावला, ऑक्सिजन वाढवला. तिची मान सरळ धरली. बोटावरचं यंत्र चटईतून मोकळं झालं होतं. त्यावरचा आकडा बघवत नव्हता. उईलीने विचारलं, परत वॉर्डात न्यायचं का? ती म्हणाली, पुढेही नाही, मागेही नाही. आधी आकडा चढू दे. वाटेत घाबरून पळायचं नाही. कोळ्याला घेऊन पळालोच होतो, तो वाटेतच गेला.

गाणं थांबलं होतं. एवढी माणसं आणि माझ्या सूंशिवाय कसलाच आवाज नाही. माझ्या जन्मात कुणी मला असं ऐकलं नव्हतं. आकडा सावकाश चढू लागला. फेतुआओच्या ओठांत हळूहळू माणसाचा रंग आला.

आसोआ उठला. त्याने जमिनीवरची चटई उचलली, झटकली, घडी करून काखेत धरली. मग पडवीतल्या लोकांकडे वळला आणि म्हणाला, उठा सगळे, वाट मोकळी करा. प्रार्थनेच्या वेळी मताईने लोकांना उठवलेलं त्या पडवीने कधी पाहिलं नव्हतं. चटया गुंडाळल्या गेल्या. माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"आम्ही आता गायचं की नाही?" त्याने फुआतिनोला विचारलं. मताई विचारत होता, सांगत नव्हता.

"गा, काका. पण हळू," ती म्हणाली. "मला हिचं ऐकू आलं पाहिजे."

हिचं म्हणजे माझं.

ते हळू गायले आणि आम्ही गेलो. मी पूर्ण वाटभर बोलत होते. फुआतिनोही पूर्ण वाटभर वाकूनच चालली, समोर कुणी बसलेलं नसतानाही. ऑपरेशनच्या खोलीत भिंत सापडली. सर्जनने छातीत नळी घातली, पू निघाला, आणि फेतुआओने कितीतरी दिवसांनी पोट हलेल असा श्वास घेतला. परत येतानाही मीच होते. जाऊन येण्यापुरती मी खरंच पुरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उईली कामावर आला नाही. पडवीत, फेतुआओच्या माणसांसमोर, तो जमिनीवर येऊन बसला होता, डोक्यावरून स्वतःच्या आईची चटई ओढून. आपल्याकडे माणसाच्या हातून कुणाच्या घराचं मोठं वाईट झालं की तो असा येऊन बसतो. तोंडाने काही बोलायचं नसतं. ते घर येऊन चटई उचलेल तेव्हा माफी. न उचललं तर बसूनच राहायचं, ऊन येवो नाहीतर काही येवो.

मी वॉर्डच्या दारात होते, मला सगळं दिसत होतं. कुणी हललं नाही. मग फुआतिनो वॉर्डातून बाहेर आली. तिने आपली शाल डोक्यावर घेतली आणि उईलीच्या शेजारी जाऊन बसली.

आसोआ म्हणाला, "सिस्टर, तुम्ही कशाला? तुम्ही तर वाचवलंत."

"विचारलं मी होतं," शालीखालून ती म्हणाली. "दोन कुलपं असलेल्या टाकीबद्दल मी एकच प्रश्न विचारला. त्याने खरं उत्तर दिलं."

आसोआ उठला. मग आत गेला, बहिणीशी काहीतरी बोलून आला, वाकून आधी उईलीची चटई उचलली आणि मग शाल. म्हणाला, "ती म्हणतेय, या आडदांडाला खायला घाला. ट्रॉली ओढताना त्याचे हात थरथरले तर मला कोण नेणार?" उईली हसता हसता रडला. कुणीतरी त्याच्या हातात गरम कोकोचा कप दिला.

त्या दिवसापासून माझ्या दोन कुलपांना दोन नावं मिळाली. गळ्याची कळ म्हणजे दार आणि बटण म्हणजे खिडकी. "उघडलंस?" हा प्रश्न आमच्या वॉर्डातून हद्दपार झाला. आता विचारतात, दार उघडलं? खिडकी उघडली? आणि आणखी एक, फुआतिनोचं. पेशंट भिंतीवरून माझ्यावर घेतला की लगेच निघायचं नाही. थोडं थांबायचं, उसना श्वास असेल तर तो संपू द्यायचा, आणि मग जो कुणी उशाशी असेल त्याने माझ्यासमोर वाकायचं. नीट, कमरेतून, मताईसमोर वाकतात तसं. कान माझ्या तोंडाशी न्यायचा आणि म्हणायचं, तुलोउ. सूं ऐकू आला तरच चाक हलेल. मला कुणी झाकायचं नाही, रेशमानेही नाही.

नवे डॉक्टर आधी हसतात. लोखंडासमोर वाकायचं म्हणजे काय! फुआतिनो त्यांना हसू देते. ती ट्रॉलीचा ब्रेक काढत नाही, एवढंच. शेवटी वाकतात. उईली आता त्यांना सांगतो, "नवरीला मान द्या, डॉक्टर. रुसली की बोलत नाही."

फेतुआओ चालत घरी गेली. जाताना काठी टेकत माझ्यासमोर थांबली. छातीत अजून कळ येत असावी, पण सेलेसाचा हात बाजूला सारून ती वाकली. कुणी पाहतंय म्हणून नव्हे. तिच्या लांब बोटांनी माझ्या गळ्यावरची तारीख चाचपली, विणीतली चुकलेली पात चाचपावी तशी. "तुलोउ," ती म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही. माझं दार बंद होतं आणि ते बंद असणंच तेव्हा बरोबर होतं.

आता माझा रंग जागोजागी उडालाय. टोपी ठेवणाऱ्या बाई गेल्या वर्षी वारल्या. गळ्यावरची तारीख सरत आलीय. येत्या बोटीने मला परीक्षेला पाठवणार आहेत. पुन्हा पोटात पाणी, पुन्हा तोच दाब. न फुटले तर नवी तारीख घेऊन परत येईन. फुटले तर त्या पडवीतून दुसरी कुणी जाईल, नवी, पांढऱ्या खांद्यांची, कमी बोलणारी.

तिचं ऐका, एवढंच मागते. दार विचारा, खिडकी विचारा, परतीचाही श्वास मोजा. पण पेशंटला भिंतीपासून सोडवताना घाईने ताठ उभे राहू नका. आधी वाका. मी बोलत असेन तर न्या.

नसेन, तर एक पाऊलही टाकू नका.